मांसाचा गुण आणि गोवंशाची वेल

मराठीत ‘गुण’ ह्या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. वस्तूच्या अंगी असलेले चांगलेपण म्हणजे गुण. आणि परीक्षकाने त्या चांगलेपणाबद्दल कागदावर मांडलेला आकडा म्हणजेही गुणच. शाळेतील मुलाच्या बाबतीत ह्या दोन अर्थांची गल्लत झाली, तर नुकसान एका मुलाचे होते. जनावरांच्या पैदाशीत ती झाली, तर मात्र तिचे परिणाम पिढ्यानुपिढ्या साठत जातात; कारण पैदास करणारा मनुष्य पहिल्या अर्थाचा गुण मनात धरून निवड करावयास बसतो, पण प्रत्यक्ष निवडीसाठी त्याच्या हाती असतो तो बहुधा दुसऱ्या अर्थाचा गुण. मांसाची प्रत सुधारण्यासाठी गोवंशाची निवड कशी केली जाते, आणि ती प्रत एकदा आकड्यांत बांधली गेली म्हणजे वंशाचे काय होते, हे पाहावयाचे झाल्यास जपानमधील ‘वाग्यू’ गुरांइतका बोलका दाखला क्वचितच मिळेल.

‘वा’ म्हणजे जपानी आणि ‘ग्यू’ म्हणजे गुरे. तेव्हा जगभर आज ज्या नावाभोवती एवढे वलय जमले आहे, त्या नावाचा मूळ अर्थ ‘देशी गुरे’ एवढाच आहे. ह्या नावाखाली चार जाती मोडतात : जपानी काळी, जपानी तपकिरी, जपानी बिनशिंगी आणि जपानी शॉर्टहॉर्न. पैकी काळी जात संख्येने नव्वद टक्क्यांहून अधिक असून पुढील विवेचन मुख्यतः तिच्यासंबंधीच आहे. ही जनावरे मुळात खाण्यासाठी पाळलेली नव्हती. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मू ह्याने वर्षाच्या चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत गायबैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी ह्यांचे मांस खाण्यास मनाई केली. पुढे निरनिराळ्या काळी असे निर्बंध पुन्हापुन्हा घातले गेले. ते सर्वत्र सारख्याच कसोशीने पाळले गेले असे नव्हे. तथापि गोमांस हे प्रतिष्ठित घरच्या जेवणाबाहेरच राहिले, ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत. १८६८ मध्ये कोबे बंदर परकीय व्यापाराला खुले झाले, परदेशी व्यापारी तेथे येऊन राहिले व गोमांसाला गिऱ्हाईक उत्पन्न झाले. १८७२ मध्ये खुद्द सम्राट मेइजी ह्याने मांसाहार केल्याचे जाहीर झाले, आणि जुना संकोच हळूहळू ओसरला. गुरांचे काम मात्र तेच राहिले. डोंगरउतारावरील भातखाचरे नांगरावयाची, ओझी वाहावयाची आणि खत द्यावयाचे. एकेका कुटुंबापाशी एखाददुसरी गाय असे, आणि हिवाळ्यात हिमवर्षाव फार असल्याने तिचा गोठा पुष्कळदा राहत्या घराच्याच छपराखाली असे. आपल्याकडील शेतकरी खिल्लार बैल घेताना ज्या नजरेने खूर, पाय आणि चाल पाहतो, तशाच नजरेने ही जनावरे पाहिली जात.

होन्शू बेटाच्या पश्चिम भागातील डोंगराळ प्रदेशात ह्या पैदाशीला प्रथम काही पद्धत आली, आणि तिचे वर्णन करणारा शब्द भाषेच्या अभ्यासकालाही थबकवील असा आहे. तेथे चांगल्या गुरांच्या घराण्यास ‘त्सुरू’ म्हणत. ‘त्सुरू’ म्हणजे वेल. एखाद्या उत्तम गाईपासून तिच्या मुली, नाती, पणत्या ह्यांच्यात तेच गुण उतरताना दिसले, म्हणजे ती सारी संतती एका वेलीची समजली जाई. आपला ‘वंशवेल’ हा शब्द ह्याच कल्पनेतून आलेला आहे. दोन्ही समाजांत कोणी कोणाचे अनुकरण केलेले नसता वाढ, फांदी आणि फळ ह्यांचे हेच चित्र सुचावे, ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. ओकायामा भागातील ताकेनोतानी वेल फार जुनी मानली जाते. आजच्या ह्योगो प्रांतातील ताजिमा भागात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माएदा शूसुके नावाच्या मनुष्याने जी वेल जोपासली, ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. वेल टिकविण्यासाठी जवळच्या नात्यातील जनावरांचा संबंध घडवून आणणे भाग असे. म्हणजे गुण स्थिर करण्याचा उपाय आणि रक्त साकळण्याचा धोका ह्या दोन्ही गोष्टी प्रारंभापासून एकाच कृतीत होत्या. परंतु वेली अनेक होत्या, खोरी एकमेकांपासून तुटलेली होती, आणि एका खोऱ्यात जे साकळे ते दुसऱ्या खोऱ्यात मोकळे असे.

ह्या व्यवस्थेला पहिला धक्का बसला तो सुधारणेच्या उत्साहाने. देशी गुरे लहान चणीची व कमी दुधाची असल्याने १९०० च्या सुमारास सरकारी धोरण म्हणून परदेशी वळू आणून त्यांच्याशी संकर सुरू झाला. ब्राउन स्विस, सिमेंटल, शॉर्टहॉर्न, डेव्हन, एअरशायर इत्यादी जातींचे वळू निरनिराळ्या प्रांतांत वापरले गेले. संकरित जनावरे अंगाने मोठी झाली, दूधही वाढले. पण ती खाचरात चालेनात, त्यांना खुराक अधिक लागे, आणि मांसाची प्रतही उतरली असे खरेदीदार म्हणू लागले. भाव कोसळले, आणि सुमारे दहा वर्षांतच संकराचा उत्साह मावळला. पुढे १९१९ पासून संकरित व देशी रक्ताचा मेळ घालून ‘सुधारित वाग्यू’ची नोंदणी सुरू झाली, आणि १९४४ मध्ये काळी, तपकिरी व बिनशिंगी ह्या स्वतंत्र जाती म्हणून मान्य झाल्या. शॉर्टहॉर्नला ही मान्यता १९५७ मध्ये मिळाली. ताजिमा भागात मात्र पुष्कळांनी संकराचा मोह आवरता घेऊन शुद्ध जनावरांचा शोध चालविला. ओजिरो गावाच्या वरच्या अंगाला आत्सुता नावाची एक दुर्गम वस्ती होती. तेथे परदेशी वळू पोहोचलेच नव्हते, आणि तेथील चार जनावरांपासून शुद्ध वंश पुन्हा उभा राहिला, असे त्या भागात सांगतात. ह्याच ओजिरोमध्ये १९३९ साली ‘ताजिरी’ नावाचा वळू जन्मला. त्याची कथा पुढे येईल.

दुसऱ्या महायुद्धानंतर यांत्रिक नांगर शेतात आला आणि पंधरावीस वर्षांच्या आत गाईचे काम संपले. १९६६ मध्ये ओकायामा येथे वाग्यूंचे पहिले अखिल जपान प्रदर्शन भरले, तेव्हा त्याचा विषयच मुळी असा होता की, वाग्यू हे मांसासाठी पाळावयाचे जनावर होऊ शकेल काय? आज हा प्रश्न वाचून हसू येईल. पण त्या वेळी तो जीवनमरणाचा होता. कारण वजनाच्या वाढीत वाग्यू परदेशी जातींच्या पासंगालाही पुरत नव्हते. त्याच्यापाशी दुसऱ्या जातींत सहसा न आढळणारी अशी एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे ‘शिमोफुरी’.

‘शिमो’ म्हणजे दहिवर आणि ‘फुरी’ म्हणजे पडणे. लाल मांसाच्या कापावर पांढऱ्या चरबीचे बारीक ठिपके व रेषा विखुरलेल्या दिसतात, त्या जणू पहाटेचे दहिवर पडावे तशा. म्हणून हे नाव. इंग्रजांना त्याच ठिकाणी संगमरवराच्या शिरा दिसल्या. मराठीत ह्यासाठी शब्द नाही, आणि तो नसणे स्वाभाविक आहे; पुढील विवेचनात ‘चरबीचे जाळे’ असे म्हणून काम भागविले आहे. हे जाळे म्हणजे कातडीखालचा वा आतड्याभोवतालचा चरबीचा थर नव्हे. स्नायूंचे तंतू जुडग्याजुडग्यांनी बांधलेले असतात, आणि ह्या जुडग्यांमधील संयोजी पडद्यांत चरबीच्या पेशी साठत जातात. खुराकावर ठेवलेल्या कोणत्याही बैलाच्या अंगी चरबी येते. परंतु ती नेमकी येथे आणि इतक्या बारीक विभागणीने यावी, हे रक्तावर अवलंबून असते. पेशी साठू लागल्या म्हणजे पडद्यांची घट्ट वीण विस्कळीत होते व मांस दाताखाली मऊ लागते. मऊपणाचे निम्मे रहस्य चरबीत नसून, चरबीने सैल केलेल्या ह्या विणीत आहे, ही गोष्ट बहुधा ध्यानात घेतली जात नाही.

आता प्रत ठरविण्याच्या पद्धतीकडे वळावयास हरकत नाही. १९७५ मध्ये मांसाची प्रत लावणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि १९८८ मध्ये आजची पद्धती सुरू झाली. कत्तल केलेल्या जनावराचे धड सहाव्या व सातव्या बरगडीच्या दरम्यान कापून तो छेद प्रतवारी करणारा मनुष्य पाहतो. धडातून विक्रीयोग्य मांस किती निघेल, ह्यावरून ए, बी, सी अशी अक्षरे दिली जातात. आणि प्रतीसाठी १ ते ५ असे अंक. प्रतीचा अंक चार बाबींवर ठरतो : चरबीचे जाळे, मांसाचा रंग व तकाकी, त्याचा घट्टपणा व पोत, आणि चरबीचा रंग व तकाकी. चारही बाबींत जो अंक सर्वांत कमी, तोच अखेरचा अंक धरला जातो. जाळ्यासाठी पुन्हा १ ते १२ अशी वेगळी मोजपट्टी असून तीवर ८ व त्यापुढे आकडा मिळाल्यावाचून ५ ही प्रत मिळत नाही. कागदावर ही पद्धत समतोल आहे. व्यवहारात मात्र इतर तीन बाबींत चांगला अंक मिळविणे त्या मानाने सोपे असल्यामुळे भाव ठरतो तो बाराच्या मोजपट्टीवर. गुण ह्या शब्दाचे दोन अर्थ येथे एकमेकांत मिसळले. जाळे हा मांसाच्या अनेक गुणांपैकी एक. पण बाजारात तोच ‘गुण’ झाला.

पैदास करणाराची खरी अडचण ह्यापुढची आहे. दूध मोजता येते, वजन करता येते, चाल पाहता येते. हे जाळे मात्र जनावर जिवंत असताना सहज दिसत नाही, आणि ज्या वळूचे मांस पाहिले त्या वळूपासून पुढे संतती होत नाही. जुने जाणकार ह्यावर एक तोड सांगत. केस मृदू, कातडे पातळ व सैल, शिंगे आणि खूर बारीक पोताचे असतील, तर मांसही बारीक पोताचे असते अशी त्यांची समजूत होती. जपानी नोंदणीच्या परीक्षणात ह्या लक्षणांना अद्यापही स्थान आहे. परंतु खात्रीचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे बापाची परीक्षा मुलांवरून करणे. होतकरू गोऱ्हा निवडून प्रथम ११२ दिवस त्याची स्वतःची वाढ व खुराक पाहावयाचा; त्यातून उतरल्यास त्याची संतती उत्पन्न करावयाची; ती संतती अडीच वर्षांची होईपर्यंत पोसून तिची कत्तल झाली, म्हणजे जाळ्याचे आकडे हाती येणार. एका वळूविषयी निर्णय व्हावयास अशा रीतीने पाचसहा वर्षे लागतात. १९९० नंतर बाजारातील हजारो धडांचे आकडे आणि प्रत्येक जनावराची वंशावळ ह्यांची गणकयंत्रावर सांगड घालून प्रत्येक गाईचे व वळूचे आनुवंशिक मोल वर्तविले जाऊ लागले. ह्या कामी जपानी नोंदणीची शिस्त उपयोगी पडली. माणसाच्या अंगठ्याप्रमाणे प्रत्येक वासराच्या नाकाचा ठसा तेथे घेतला जातो, आणि तो आयुष्यभर त्याची ओळख म्हणून चालतो. जाळ्याच्या बाबतीत जनावराजनावरांतील फरकाचा जवळपास निम्मा भाग रक्तातून येतो, असे ह्या हिशेबांतून दिसून आले. निवडीसाठी हे प्रमाण फार मोठे आहे. निवड करावी आणि फळ दिसावे, अशी ही गोष्ट होती.

त्यात १९८८ च्या करारानुसार १९९१ मध्ये गोमांसाच्या आयातीवरील कोट्याचे बंधन उठले. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथून स्वस्त मांस येणार हे उघड होते. त्याच्याशी किमतीत स्पर्धा करणे अशक्य असल्यामुळे, परदेशी मांसात जे सहसा मिळत नाही तेच वाढवीत नेणे हाच एक मार्ग जपानी शेतकऱ्यापुढे उरला. अर्थात त्याला दोष देता येणार नाही. एकदोन वासरे विकून ज्यांचे वर्ष निघते, अशा डोंगरातील कुटुंबांना बाजाराकडे पाठ फिरविण्याची चैन परवडत नाही. ह्या काळानंतर जाळ्याचे सरासरी आकडे सारखे चढत गेले; पाठीच्या स्नायूत चरबीचा अंश तीस टक्क्यांच्या वर जाणे ही जपानी काळ्या जातीत आज नवलाची गोष्ट राहिलेली नाही, आणि खच्ची केलेल्या बैलांच्या धडांपैकी निम्म्याहून अधिक धडांना ए-५ ही सर्वोच्च प्रत मिळते. बहुसंख्य मुले पहिल्या वर्गात येऊ लागली, म्हणजे परीक्षा काय मोजते असा प्रश्न परीक्षकानेच स्वतःला विचारावयास हवा.

ह्या यशाची किंमत वंशावळीत पाहावयास मिळते. जाळ्याचा गुण ताजिमा रक्तात सर्वांत ठळक असल्यामुळे साऱ्या देशाने ताजिमाकडे धाव घेतली. पूर्वी वळू खोऱ्याबाहेर जात नसे. गोठविलेले वीर्य मात्र कोठेही जाते, आणि वळू मेल्यानंतरही जाते. गिफू प्रांतातील हिदा भागात ‘यासुफुकू’ ह्या एका वळूने तेथील मांसाचे नाव देशभर केले. तोही मूळचा ह्योगोमधलाच. २०१२ मध्ये नोंदणी संस्थेने देशातील काळ्या गाईंच्या वंशावळी तपासल्या, तेव्हा त्यांपैकी ९९.९ टक्के गाईंच्या पूर्वजांत ओजिरोचा तो ताजिरी वळू निघाला. दुर्गम वस्तीमुळे बचावलेल्या मूठभर जनावरांची वेल देशभर पसरली, आणि तिने बाकीच्या वेली झाकून टाकल्या.

आनुवंशशास्त्रात ह्या संकोचाचे एक माप आहे. कळपात डोकी किती, ह्यापेक्षा रक्ताच्या दृष्टीने तो कळप किती स्वतंत्र जनकांच्या तोलाचा आहे, हे त्या मापाने कळते. काही थोडेच वळू लाखो गाईंना वापरले, तर डोकी लाखो असूनही हा तोल फार लहान येतो. १९९३ ते १९९७ ह्या काळासाठी जपानी काळ्या जातीचे हे माप सुमारे १७ भरले, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविण्यात आले. सर्वसाधारण अंदाजाने ५० च्या खाली हा आकडा धोक्याचा मानतात. धोका कोणता, तेही कल्पनेवर सोडण्याचे कारण नाही. रक्त साकळले म्हणजे एरवी दबून राहणारी सदोष जनुके आई आणि बाप दोहोंकडून एकाच वासरात येऊन मिळतात. ह्या जातीत मूत्रपिंड निकामी करणारा एक रोग असा आढळला. त्यात वासराची वाढ खुंटते आणि खूर मात्र वेडेवाकडे वाढतात. तांबड्या रक्तपेशींच्या आवरणातील दोषामुळे होणारा पंडुरोग, जन्मल्यावर नाळेतून रक्त न थांबणे, हेही त्यांतलेच. सुदैवाने जनुक हुडकून वाहक वळू ओळखण्याच्या कसोट्या आता उपलब्ध आहेत, आणि वळूच्या नावाबरोबर तो कोणत्या दोषाचा वाहक आहे हेही जाहीर करण्याची प्रथा पडली आहे. परंतु वाहक म्हणून वळू बाद करीत गेल्यास शिल्लक वळूंची संख्या आणखी घटते, हा पेच राहतोच.

येथे एक गोष्ट मध्येच नमूद करावयास हवी. जाळे केवळ रक्ताने येत नाही. पोसण्याच्या मधल्या काळात जनावराला हिरवी वैरण बंद करून भाताचा पेंढा व धान्याचा खुराक द्यावा, म्हणजे अ जीवनसत्त्व कमी पडून चरबीच्या पेशी अधिक वाढतात, अशी युक्ती रूढ झाली. प्रमाण साधले तर आकडा चढतो. हात जरा सैल पडला तर जनावराचे सांधे सुजतात, भूक मंदावते, आणि प्रसंगी ते आंधळे होते. आकड्यामागे धावण्याचा हा प्रकार पैदाशीबाहेरचा असला, तरी त्याचा उगम त्याच मोजपट्टीत आहे.

अलीकडे मात्र ‘प्रत’ ह्या शब्दाचाच अर्थ नव्याने तपासला जात आहे, आणि पैदाशीच्या दृष्टीने हीच ह्या विषयातील सर्वांत लक्षणीय घटना होय. चरबी किती, ह्याऐवजी ती कोणती, असा प्रश्न आता विचारला जातो. चरबीतील स्टिअरिक आम्ल सत्तर अंशांच्या आसपास वितळते. ओलेइक आम्ल खोलीच्या उष्णतेलाही पातळ असते. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करणारे एक विकर जनावराच्या अंगी असते आणि त्याच्या जनुकाचे निरनिराळे प्रकार ह्या जातीत सापडले आहेत. तेव्हा जिभेवर विरघळणारी चरबी हाही निवडीने साधण्यासारखा गुण आहे. तोत्तोरी प्रांतातील ‘केताका’ ह्या वळूने १९६६ च्या पहिल्या प्रदर्शनात नाव मिळविले होते, पण जाळ्याच्या शर्यतीत त्याचे घराणे ताजिमाच्या मागे पडले. त्याच्याच रक्ताच्या मांसाला, चरबीत ५५ टक्के वा अधिक ओलेइक आम्ल असल्यास, आता तेथे वेगळ्या नावाने विकतात. एकाच मोजपट्टीने मागे टाकलेली वेल दुसरी मोजपट्टी येताच पुन्हा धरावयाच्या योग्यतेची ठरली. २०२२ मध्ये कागोशिमा येथे भरलेल्या बाराव्या अखिल जपान प्रदर्शनात चरबीच्या प्रतीसाठी स्वतंत्र वर्गच ठेवण्यात आला होता. अर्थात ही मोजपट्टीही मोजपट्टीच आहे. सारा देश उद्या हिच्या मागे लागला, तर हीच कथा नव्या वळूच्या नावाने पुन्हा सांगावी लागेल.

तपकिरी जातीचे मांस त्या मानाने कमी चरबीचे असून कुमामोतो व कोची प्रांतांत तिचे पालक त्याच गोष्टीला आपले भांडवल समजू लागले आहेत. बिनशिंगी जात मात्र नामशेष होण्याच्या बेतात असून तिची जनावरे शेकड्यांतच मोजावी लागतात. यामागुची प्रांताच्या मिशिमा बेटावरील गुरे संकराच्या लाटेतून सुटली व १९२८ मध्येच नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षित झाली. त्यांच्याही मांसात चरबीचे जाळे असते, ह्यावरून तो गुण परदेशी रक्तातून आलेला नाही हे उघड होते.

ह्योगो प्रांतातील स्थिती सर्वांत नाजूक आहे. तेथे बाहेरचा वळू आणावयाचा नाही असा दंडक फार जुना असून कोबे मांसाचे नावच ह्या शुद्धतेवर उभे आहे. म्हणजे इतर प्रांत निदान दुसऱ्या वेलींकडे वळू शकतात, ताजिमाला तीही सोय नाही. म्हणून तेथे जे आहे त्याच्याच आत निरनिराळेपण टिकविण्याची खटपट चालू आहे. कोबे विद्यापीठातील संशोधकांच्या साहाय्याने वंशावळी मागे मूळ जनकांपर्यंत नेऊन गाईंचे गट पाडण्यात आले, आणि नाकादोई, कुमानामी ह्यांसारख्या मागे पडलेल्या घराण्यांचे वळू त्यांच्या मुलांचे आकडे किंचित कमी आले तरी दावणीला ठेवण्यात येतात. गाय विण्यास पाठवावयाची, ती आता नुसत्या वरच्या आकड्याच्या वळूकडे नव्हे, तर तिच्याशी रक्ताने सर्वांत दूर असेल त्याच्याकडे.